ठसा आणि टाका: जुन्या कपड्यांवर छापून नवे कपडे शिवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी दुपारी माझ्याकडे पाच-सहा जणी, आणि कधीमधी एखादा जण, पिशवीभर जुने कपडे घेऊन येतात. ठसे छापतो, उसवतो, पुन्हा शिवतो. गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून काढली. क्रम साधारण ज्या क्रमाने प्रश्न येतात तोच ठेवलाय.

जुन्या शर्टावर चार फुलं छापली की झालं ना? त्यात शिवण कुठे आली?

चार फुलं छापायला काहीच हरकत नाही, पण शर्ट तोच राहतो. कॉलर झिजलेली, कोपर विरलेलं, वर फुलं. तो पुन्हा कपाटातच जातो.

एक उदाहरण देते. वडिलांचा सुती फुल शर्ट. कॉलरच्या घडीवर दोरे निघालेत, एक कोपर आरपार दिसतंय, पाठ मात्र नव्यासारखी. वरची कॉलर उसवून काढली की खालची पट्टी राहते आणि आपोआप स्टँड कॉलर होते. पट्टीची उघडी राहिलेली कड टीप मारून बंद केली की ते काम संपलं. (पूर्वी शिंपी झिजलेली कॉलर उसवून, उलटी करून पुन्हा बसवून द्यायचे. तेही करता येतं, घडीची झीज आतल्या बाजूला जाते.) कोपरावर दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावलं. आता त्या ठिगळावरून सुरू होऊन बाहीवर पसरत जाईल असा ठसा छापला, तर ठिगळ कुठे संपतं आणि बाही कुठे सुरू होते ते लगेच कळत नाही. ठिगळामुळे कोपर टिकतं आणि ठशामुळे ठिगळ मुद्दाम लावल्यासारखं दिसतं. म्हणून दोन्ही कामं एकाच माणसाने, एकाच वेळी ठरवून करावीत.

आधी छापायचं की आधी शिवायचं?

सगळ्यात जास्त कपडे इथे बिघडतात.

ठसा सपाट कापडावर उमटतो. तयार कपड्यात शिवणी, दुहेरी टिपा, बटणपट्टी, खिशाच्या घड्या असतात. त्यावर ठसा ठेवला की तो डुगडुगतो आणि शिवणीच्या दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी राहते. आत पुठ्ठा घातला तरी शिवणीचा उंचवटा जात नाही, पुठ्ठ्यामुळे फक्त रंग मागच्या बाजूला लागत नाही. त्यामुळे निदान बाजूच्या शिवणी आणि बाह्या उसवून कपडा पसरवून घ्या. उसवणं कंटाळवाणं काम आहे, रेडिओ लावून बसा.

सगळीकडे सारखी बुट्टी हवी असेल तर आधी अख्खं कापड छापा, मग बेतून कापा. छातीवर एकच मोठं फूल किंवा घेरावर काठ हवा असेल तर आधी कापा, मग सुटे भाग छापा आणि शेवटी जोडा. दोन्ही वेळा छपाई मायेत जाऊ द्या. शिवणीसाठी जी अर्धा-पाऊण इंच माया सोडली आहे, तिथेच ठसा थांबवला तर शिवल्यावर जोडावर कोरी रेघ दिसते. ती रेघ नेमकी काखेखाली येते आणि हात वर केला की सगळ्यांना दिसते.

या नियमाला दोन अपवाद आहेत. पहिला ठिगळाचा. ते आधी शिवायचं, मग त्याच्या कडेवरून छापायचं. खाली जाडसर कांबळं असेल आणि ठसा लहान असेल, दोन-अडीच इंचांचा, तर कडेची पायरी तो सांभाळून घेतो. तरी बारीक पांढरी रेघ राहतेच, तिच्यावरून नंतर धावदोरा घाला. दुसरा अपवाद खिशाचा. नक्षी अंगावरून खिशावर सलग जायला हवी असेल तर खिशाच्या कडा आधी दुमडून इस्त्री करा, जागेवर टाचण्यांनी लावा, तसंच छापा, वाळल्यावर शिवा. कडा न दुमडता छापलं तर दुमड अर्धा इंच नक्षी खाते आणि पान देठापासून तुटल्यासारखं दिसतं.

शिवण्याआधी रंग पक्का करून घ्या. आतल्या घड्यांमध्ये नंतर इस्त्री पोहोचत नाही.

कोणतं कापड चालतं?

सुती. धोतर, जुनी चादर, सुती साडी, पायजमा, खादीचा झब्बा, जाड सुती पडदे. लिनन असेल तर उत्तमच.

जुन्या सुती कापडाचा एक फायदा लोकांच्या लक्षात येत नाही. नव्या कापडाला खळ असते आणि ते आटतं. तुमच्या घरातली चादर शंभर वेळा धुऊन झालेली आहे, तिची खळ गेली, आटायची तेवढी आटली. ती रंग छान पिते आणि शिवल्यावर अंगाला आखूड होत नाही.

शंका असेल तर मायेतून एक-दोन धागे काढून चिमट्यात धरा आणि पेटवा, मोरीत किंवा गॅलरीत, जवळ पाणी ठेवून. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि भुरभुरीत राख पडते. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. रेशमाला आणि लोकरीला केस जळल्याचा वास येतो. टेरीकॉटमध्ये दोन्ही लक्षणं थोडी थोडी दिसतात. त्यावर छापता येतं, पण रंग सुताइतका मुरत नाही.

टी-शर्टावर छापायचं तर ताणून धरू नका, नाहीतर सोडल्यावर गोल फुलाचं अंडं होतं.

कपडा किती विरलाय ते कसं ओळखायचं?

खिडकीसमोर धरा. जिथून जास्त उजेड येतो तिथे झीज आहे. मग दोन्ही अंगठे शेजारी शेजारी ठेवून कापड हळूच बाजूंना ताणा. चर्र असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले तर तो भाग एकटा टिकणार नाही, त्याला खालून अस्तर हवं.

पँट गुडघ्यावर आणि बुडाशी विरते. शर्ट कॉलर, कोपर आणि काखेत. साडीत निऱ्यांचा खालचा काठ आणि कमरेला खोचला जाणारा भाग आधी जातो, आणि पदराला खांद्यापाशी पिनांची भोकं असतात. मी या सगळ्या जागांभोवती खडूने गोल करते. नक्षी कुठे येणार, अस्तर कुठे लागणार, कात्री कुठून जाणार, हे त्या गोलांवरून ठरतं. आधी नक्षी ठरवून आलेल्या मुलींशी माझं इथे नेहमी भांडण होतं. चित्र वहीत कितीही सुंदर असलं तरी विरलेल्या जागेवर अस्तराशिवाय मोठा भरीव ठसा मारला की तो भाग कडक होतो आणि ठशाच्या कडेने फाटतो.

छापण्याआधी धुवावं लागतं का? कपडा स्वच्छच आहे.

हो, तरी धुवा. गरम पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा. कॉलर आणि काखेतला तेलकटपणा दिसत नाही, पण रंग धरू देत नाही. धुताना फॅब्रिक कंडिशनर वापरू नका, त्याचाही थर बसतो. स्टार्च अजिबात नको. वाळलं की इस्त्री करा, कारण सुरकुतीवर छापलेलं फूल सुरकुती उघडली की दोन तुकड्यांत दिसतं.

ठसे कशाचे करू?

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. आडव्या कापलेल्या भेंडीचं पाच पाकळ्यांचं फूल उमटतं. कारलं, कमळकाकडी, फ्लॉवरचा उभा काप, सगळं चालतं. बटाटा कोरायला सोपा आहे, पण त्याला पाणी सुटतं आणि रंग पातळ होतो. कापून तासभर वर्तमानपत्रावर पालथा घालून ठेवा आणि प्रत्येक वेळी पुसून घ्या. हे ठसे दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ पडतात, म्हणून ज्या दिवशी कोराल त्याच दिवशी छापायचं.

मग रबर. शाळेचं मोठं खोडरबर किंवा कोरायचा मऊ रबरी पत्रा. याने कापडावर छापणं सगळ्यात सोपं, कारण ते थोडं दबतं.

लायनो म्हणजे जवसाच्या तेलात बुचाचा (कॉर्कचा) भुगा मिसळून तागाच्या कापडावर बसवलेला पत्रा. कलेच्या वर्गात कागदावर छापायला तो वापरतात. नंदलाल बोस यांचं १९३० सालचं काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचं चित्र याच पद्धतीचं आहे, काळ्यावर पांढऱ्या रेघा. लायनोत अशा करकरीत रेघा मिळतात. थंडीत तो कडक होतो आणि कोरताना तुकडे उडतात, पाच मिनिटं उन्हात ठेवला की नरम पडतो. कोरणी नेहमी स्वतःपासून दूर ढकला आणि दुसरा हात कोरणीच्या मागे ठेवा. हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि तरीही महिन्याला एक पट्टी लागतेच. कापडावर छापताना लायनो प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवा आणि जोर हाताने न देता वर उभं राहून द्या. मी टाचेने दाबते. दिसायला ते बरं नाही, पण छाप सारखी येते.

लाकडी ठसे विकत मिळतात. गांधीनगरजवळचं पेथापूर हे त्यांच्या कोरीव कामाचं जुनं गाव, लाकूड बहुतेक सागाचं. चांगल्या ठशाच्या पाठीतून आरपार बारीक भोकं काढलेली असतात. ती शोभेची नाहीत, त्यांतून हवा बाहेर जाते आणि छापेत बुडबुड्याचे डाग पडत नाहीत. नवा ठसा वापरण्याआधी काही दिवस तेलात ठेवतात, म्हणजे लाकूड फुगून चिरत नाही.

रंग कोणता घ्यायचा? पोस्टर कलर चालेल?

नाही, पहिल्या धुण्यात वाहून जाईल. कापडाचे ॲक्रिलिक रंग कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात छोट्या बाटल्यांत मिळतात, शिकायला तेवढे पुरतात. जास्त काम असेल तर छपाईचं बाइंडर आणि पिगमेंट वेगवेगळं घेणं स्वस्त पडतं. रंगाची पूड स्वतः कापडाला चिकटत नाही, बाइंडर तिला धरून ठेवतं. रंग गडद करण्यासाठी नुसतं पिगमेंट वाढवत गेलात तर बाइंडर कमी पडतं आणि घासल्यावर रंग हाताला लागतो.

दाटपणा दह्याहून घट्ट, श्रीखंडाहून सैल. ठसा रंगात बुडवायचा नाही. थाळीत स्पंज किंवा कांबळ्याचा तुकडा, त्यावर मलमल, त्यावर रंग पसरायचा आणि ठसा हलकेच दोनदा टेकवायचा.

गडद कापडावर रंग दिसतच नाही.

साधा छपाईचा रंग बराचसा पारदर्शक असतो. पिवळ्या कापडावर निळा छापला की हिरवट येतो, काळ्यावर काहीच येत नाही. गडद कापडासाठी पांढरा अपारदर्शक रंग लागतो, त्यात हवा तो रंग थोडा मिसळायचा. तो जाड बसतो, म्हणून बारीक रेघांची नक्षी घ्या, मोठे भरीव आकार टाळा. किंवा उलटा विचार करा: फिक्या कापडाचे तुकडे छापून गडद कपड्यावर शिवा. मला हेच जास्त आवडतं.

ब्लीचने गडद कापडावर पांढरी नक्षी काढता येते असं पाहिलं. करू का?

जुन्या कपड्यावर करू नका. ब्लीच रंगाबरोबर सुतालाही खातं, आणि तुमचं सूत आधीच थकलेलं आहे. रेशीम आणि लोकर तर त्यात विरघळतात. व्हिनेगर किंवा इतर कोणत्याही सफाईच्या द्रवाबरोबर ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

नैसर्गिक रंगांनी छापता येईल?

येईल, वेळ हाताशी ठेवा. काळा रंग घरी होतो. गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे गुळाच्या पाण्यात घालून दोन-तीन आठवडे झाकून ठेवायचे, अधूनमधून ढवळायचं. वास येतो, शेजारी विचारतात. मग पाणी गाळून चिंचोक्याच्या पिठात शिजवून खळीसारखं घट्ट करायचं. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेलं हवं. छापताना रंग फिका करडा दिसतो आणि बघता बघता काळा होत जातो, कारण हिरड्यातलं टॅनिन आणि लोह यांची गाठ कापडातच पडते. राजस्थानातल्या बगरू गावच्या छपाईचा आणि कच्छच्या अजरखाचा, म्हणजे तिथल्या ठशांनी छापलेल्या कापडाचा, काळा याच जातीचा. लोहाऐवजी तुरटी छापून मंजिष्ठेत (एका वेलीच्या मुळांच्या रंगात) उकळलं की लाल येतो.

एक इशारा. लोहाचा काळा वर्षानुवर्षं सुताला कुरतडतो. जुन्या छापील कापडांत काळ्या रेघाच आधी झडलेल्या दिसतात. म्हणून खडूने गोल केलेल्या विरलेल्या जागांवर हा काळा नको, तिथे बाजारातला पिगमेंटचा काळा वापरा. नैसर्गिक म्हणजे कापडाला सौम्यच असं काही नाही.

रंग पक्का कसा करायचा?

एक दिवस सावलीत वाळवा. मग उलट बाजूने, किंवा वर पातळ सुती कापड टाकून, सुती कपड्याच्या तापमानावर कोरडी इस्त्री करा. प्रत्येक भागावर चार-पाच मिनिटं, इस्त्री हलवत राहायची. वाफ बंद. बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. शक्यतो तीन-चार दिवस धुऊ नका. पुढे गार पाण्यात, उलटा करून, ब्रश न लावता.

माझ्याकडे शिलाई मशीन नाही.

मग हाताने. खरं तर विरलेल्या कापडाला हातशिलाई जास्त मानवते. मशीनची बारीक टीप एका रेषेत इतकी भोकं पाडते की कमकुवत कापड तिकिटासारखं फाटतं.

गोधडीचा धावदोरा तुम्हाला येतोच, येत नसेल तर घरातल्या कुणाला तरी येतो. विरलेल्या भागाखाली जुन्या धोतराचा तुकडा ठेवायचा आणि दोन्हींतून धावदोऱ्याच्या ओळी घालायच्या, ओळींत बोटभर अंतर. भार दोन थरांत वाटला जातो. उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून आत आत मध्यापर्यंत येतात आणि कोपऱ्यांना छोटे तिकोनी तुकडे लावतात, त्यांना फुला म्हणतात. कुर्त्याच्या पाठीवर चौकोनी अस्तर लावताना मी तीच चाल वापरते, मध्ये फुगा राहत नाही.

ठसा आणि धावदोरा एकत्र आणायचे तर छापेच्या कडेकडेने टाके घाला, छापेच्या मधून नको. जाड रंगात सुई अडते आणि भोकं उघडी राहतात. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्यातले दोन-तीन पदर पुरतात. ठसा वाकडा उमटलाय? टाक्यांची रेघ नीट सरळ घाला, डोळा टाक्यांमागे जातो. आणि टाके वेडेवाकडे असतील तर ठसा डोळ्याला गुंतवून ठेवतो.

मशीनची सुई कितीची?

मलमल आणि जुन्या साडीला ११ नंबर, चादरीला १४, जीन्सला १६. छापलेल्या कापडावर सुई लवकर बोथट होते. ठक ठक आवाज यायला लागला की बदला.

कुर्त्यावर हळदीचा डाग आहे. त्यावर छापून झाकला जाईल?

आधी उन्हात टाका. हळद उन्हाने उडते, तीन-चार दिवसांत बराच फरक पडतो. साबण लावल्यावर डाग लाल झाला तर घाबरू नका, खळबळून धुतला की पुन्हा पिवळा होतो. उरलेल्या डागावर एकच ठसा मारू नका, तो डाग झाकल्यासारखाच दिसतो. तिथून सुरू करून आणखी पाच-सात ठसे विखरून मारा.

नाव किंवा अक्षरं छापायची आहेत.

उलटी कोरा. बटर पेपरवर सरळ लिहून कागद पालथा घाला आणि तसंच उतरवून घ्या. भाच्याच्या सदऱ्यावर मी त्याचं नाव अगदी झोकात छापलं होतं, ते फक्त आरशात वाचता यायचं. तो चार वर्षांचा होता, त्याला काही फरक पडला नाही. वहिनी अजून काढते तो विषय.

आईची पैठणी थोडी फाटली आहे. तिच्यावर करू?

नका करू. जरीवर रंग बसत नाही आणि एकदा कापलेली पैठणी परत मिळत नाही. रफू करून घ्या. हात साफ करायला धोतरं आणि चादरी आहेत.

असे कपडे विकता येतील का?

येतात, पण हिशेब प्रामाणिक करा. मला एका कुर्त्याला दोन दिवस लागतात आणि त्यातला मोठा वाटा उसवण्यात जातो. कापड फुकट मिळालं म्हणून कपडा स्वस्त पडत नाही. दुसरी अडचण म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा असल्याने "हाच, पण एल साइझमध्ये द्या" याला उत्तर नसतं. आणि कुठे अस्तर लावलंय, कापड किती जुनं आहे, ते घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. कच्छ-राजस्थानच्या ठशांची नक्कल करून त्याला अजरख म्हणून विकणं मला पटत नाही. ते काम अनेक धुण्यांचं, अनेक दिवसांचं असतं, आपण अर्ध्या तासात पिगमेंट मारतो.

मग आता बोहारणीला काहीच द्यायचं नाही का?

द्या की! पॉलिस्टरच्या साड्या, चमकदार शर्ट, इस्त्रीला घाबरणारं सगळं. त्यावर आपला रंग नीट बसणार नाही, आणि तुम्हाला डबा मिळेल.

रंगाची भांडी सिंकमध्ये धुऊ का?

आधी चिंधीने पुसून घ्या, मग धुवा. बाइंडर नळीत वाळलं की रबरासारखं बसतं. ठसे मात्र लगेच धुवायचे, जुन्या टूथब्रशने. नक्षीच्या खाचांत वाळलेला रंग सुईने काढत बसावं लागतं.

उरलेल्या चिंध्यांचं काय?

मोठ्या तुकड्यांच्या तिरप्या पट्ट्या कापा, गळ्याला आणि मुंड्याला लावायला होतात. तळहाताएवढ्या तुकड्यांवर ठसे तपासून बघा, आणि जे बरे येतील ते पुढच्या ठिगळांसाठी डब्यात ठेवा. त्याहून बारीक सगळं एका उशीच्या अभ्र्यात भरत जा. अभ्रा भरला की दाबून सपाट करा, वरून धावदोरा घाला आणि टेबलावर पसरा. छापताना कापडाखाली जी मऊ गादी लागते, ती हीच. माझी आता चौथी आहे, आणि तिच्या वरच्या चादरीवर आजवरच्या सगळ्या ठशांच्या चुकार कडा उमटल्यात. परवा एकीने तीच चादर कुर्त्यासाठी मागितली.